छताचा पाव

त्या वर्षी आमच्या गावात, उर्पिपातात, बेनिग्ना पुमायाली पाठीला गाठोडं बांधून गल्लीत शिरली, की घराघरातली कर्ती माणसं गायब व्हायची. बायका दारात येऊन सांगायच्या, मालक वर शेतावर गेलेत, बटाटे काढायला. बटाटे निघून दोन महिने झालेले असायचे आणि मालकांची टोपी आत खुंटीवर लटकत असायची. एका घरात तर मालकांना पलंगाखालून शिंक आली. बेनिग्नाने काही घाई केली नाही. ती उंबऱ्यावर टेकली, गाठोडं मांडीवर घेतलं, आणि शिंकणाऱ्याचा धीर सुटेपर्यंत त्याच्या बायकोशी डुकरांच्या दुखण्यांवर बोलत बसली.

गाठोड्यात पाव असायचा. ओरोपेसा गावच्या भट्टीतला, परातीएवढा गोल, गोडसर, बडीशेप लावलेला. आमच्याकडे त्याला हुर्का म्हणतात आणि त्याचा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. गावाचं मोठं काम निघालं की त्या कामाचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यासाठी एकेका घरी पाव न्यायचा. समोरच्याने पाव परत केला तर विषय तिथेच संपतो. चार लोक त्याला नावं ठेवतात, तेवढंच. पण एक घास जरी खाल्ला तर तो तुकडा त्याच्या अंगावर आला, मग बायको आजारी आहे, गाय आटली आहे, काही ऐकून घेत नाहीत.

शिवाय पावाबरोबर नातं येतं. ज्याच्या हातून पाव आला आणि ज्याने तो खाल्ला, ते त्या दिवसापासून कोम्पाद्रे आणि कोमाद्रे. व्याही-विहिणीसारखंच, फक्त मधे लग्न नाही. रस्त्यात दिसले तर थांबून चौकशी करायची, अहो-जाहो करायचं, बारशाला आणि मयताला हजर राहायचं. नवरा-बायको वेगळे झालेले आम्ही पाहिले आहेत, कोम्पाद्रे वेगळे झालेले अजून कुणी पाहिले नाहीत.

काम होतं नव्या चर्चचं. जुन्या चर्चची एक भिंत फुगली होती आणि तिला कोकरू सहज आरपार जाईल एवढी चीर पडली होती. जिल्ह्याहून माणसं आली, त्यांनी पिवळी फीत बांधली आणि सांगून गेली, की आत जायचं नाही कारण पडेल, आणि पाडायचं नाही कारण जुनं आहे. तेव्हापासून रविवारची प्रार्थना, मिस्सा, बाजाराच्या शेडमध्ये व्हायची, गिनीपिग विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांच्या मधे. फादर शुभवर्तमान वाचायला लागले की टोपल्यांतून चिरचिर सुरू व्हायची. शेवटी गावाने ठरवलं, की फुटबॉलच्या मैदानाकडेला नवीन चर्च बांधायचं आणि त्याला लागून एक हॉल, लग्नांसाठी, लसीकरणासाठी आणि भांडायला सगळे एकत्र जमतात त्या सभांसाठी.

फादर एलियास नुकतेच किनाऱ्यावरच्या शहरातून आले होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यापुढे पाव ठेवला गेला. प्रवासाने भुकेलेले होते बिचारे, ‘देव तुमचं भलं करो’ म्हणाले आणि अर्धा पाव संपवला. अशी वेदी त्यांच्या गळ्यात पडली. त्यांना वाटलं, गाव किती प्रेमळ आहे. गाव प्रेमळ आहेच, त्यात खोटं काही नाही. मग घंटा खाटीकभावांनी खाल्ली, सिमेंट पिठाच्या गिरणीवाल्याने, दरवाजा कासियानो शिंप्याने. शाळामास्तरांच्या वाट्याला हॉलचे संडास आले. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागणार होती. संडासाची पाटी आतल्या बाजूने लावायची, ही अट घालूनच मास्तरांनी पहिला घास घेतला.

हे सगळे पाव बेनिग्नाने वाटले. साठी ओलांडलेली बाई, चौकाजवळ तिचं मक्याच्या दारूचं, चिचाचं दुकान. नवरा कधीच गेलेला, घरात एकटी. वर्षाच्या शेवटी अर्धं गाव तिचं कोम्पाद्रे झालं, आणि कोम्पाद्रेकडून चिचाचे पूर्ण पैसे घेता येत नाहीत हेही तिने सोसलं. भिंती उभ्या राहिल्या. राहिलं होतं फक्त छत.

पत्रे, तुळया, वर चढवायचा खर्च. एवढा मोठा घास घेऊ शकेल असं तोंड गावात एकच होतं. आबेलिनो कोरिमान्या. नदीकाठची वाळूची खाण त्याची, दोन ट्रक त्याचे. चर्च बांधायची कमिटी बेनिग्नाच्याच दुकानात बसली होती. आबेलिनोचं नाव निघालं तसे सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले.

“बेनिग्नाबाई, तुम्ही गेलात तर बरं होईल,” कासियानो म्हणाला. तो कमिटीचा अध्यक्ष, पण बोलत होता हातातल्या टोपीशी.

“मीच का?”

“सगळीकडे तुम्हीच गेलात ना.”

“सगळीकडे गेले. तिथे मी जात नाही, हे तुला माहीत नाही का?”

“माहीत आहे, म्हणून तर म्हणतोय. आम्हा कुणालाही तो नाही म्हणून मोकळा होईल.” कासियानोने टोपी उलटी केली. “तुम्हाला नाही म्हणणं त्याला जमणार नाही.”

नऊ वर्षांपूर्वी बेनिग्नाचा एकुलता एक मुलगा विल्बर आबेलिनोच्या ट्रकवर, बटाट्यांच्या पोत्यांवर बसून शहराच्या जत्रेला निघाला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा. आबेलिनो स्वतः चालवत होता, खिंडीच्या वळणावर ट्रक उलटला. आबेलिनोचा खांदा मोडला आणि विल्बर गेला. पोलिसांनी लिहिलं, रस्ता ओला होता, दोष कुणाचा नाही. बेनिग्नाही आबेलिनोविरुद्ध कधी एक शब्द बोलली नाही. तिने त्याला बघणं बंद केलं, एवढंच. एका चौकाच्या गावात एखाद्या माणसाला न बघणं हे कष्टाचं काम असतं. मिस्सेला कुठल्या बाकावर बसायचं, पाणी कुठल्या वेळी भरायचं, बाजारात कुठल्या बाजूने शिरायचं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. आबेलिनोनेही त्यात मदत केली. ती दिसली की तोच गल्ली बदलायचा.

आता कमिटी तिला त्याच्या दारात पाठवत होती, आणि कशासाठी ते तिला लख्ख कळलं. विल्बर देऊन पत्रे आणायचे होते. तिला इतका संताप आला की हातातला ग्लास तिने खाली ठेवून दिला, नाहीतर फेकलाच असता. आणि पत्र्यांवरही भागणार नव्हतं. आबेलिनोने पाव खाल्ला की तो तिचा कोम्पाद्रे. मग मरेपर्यंत त्याला रस्त्यात थांबून विचारायचं, कसे आहात, घरचे कसे आहेत. तिला त्या माणसाशी नातं नको होतं. जगात बाकी काहीही चाललं असतं.

“मी जाणार नाही,” ती म्हणाली.

कासियानोने टोपी डोक्यावर चढवली. तेवढ्यात कोपऱ्यातून शाळामास्तर बोलले. त्यांच्या पोटात चिचा जरा जास्त गेली होती आणि संडास अजून पचले नव्हते.

“म्हणजे गावातल्या पंतोजीला संडास, आणि गावातल्या सगळ्यात पैसेवाल्याला सूट. छान न्याय आहे. नऊ वर्षं त्याची मजा आहे, बाई. तुमच्यामुळे त्याच्याकडे कुणी काही मागायलाच जात नाही.”

“मास्तर, तुम्ही गप्प बसा,” कासियानो म्हणाला.

पण बेनिग्नाला ते लागायचं तिथे लागलं होतं. ती समजत होती, की नऊ वर्षं आपण त्याला शिक्षा देतो आहोत. गावाला ती सूट दिसत होती. रात्रभर तो शब्द तिच्या डोक्यातून गेला नाही. सकाळी उठून तिने मनाशी पक्कं केलं, की पाव न्यायचा, समोर ठेवायचा, एक वाक्य बोलायचं आणि निघायचं. बहुतेक तो परतच करेल. केला तर फार उत्तम. छताचं देव आणि कमिटी काय ते बघून घेतील.

त्याच दिवशी ती निघाली. हुर्का नेताना बरोबर एक साक्षीदार आणि दारूची बाटली लागते, म्हणून बडीशेपेची दारू घेऊन कासियानो सोबत आला. आबेलिनोच्या फाटकापर्यंत आला आणि थांबला.

“कुत्रा आहे,” तो म्हणाला.

“बांधलेला आहे.”

“बांधलेला आहे, पण माझ्याकडेच बघतोय. तुम्ही व्हा पुढे, मी इथून साक्ष देतो.”

आत आबेलिनोची बायको एर्मेलिंदा मका निवडत होती. बेनिग्नाला बघून तिच्या मांडीवरचं सूप सांडलं. ती उठली, हात पुसले, परत पुसले.

“मावशी, या ना. हे नदीवर गेलेत. जेवायला येतीलच. बसा, बसा इथे सावलीत.” तिने बाकावर घोंगडी टाकली, आणि काही खायला आणते म्हणत जी स्वयंपाकघरात पळाली, ती लवकर बाहेर आली नाही. आत भांडी उगाचच वाजत होती.

बेनिग्ना बसली. मग समोर बघितलं आणि तिथे तो ट्रक होता.

तिला सांगितलं गेलं होतं, की आबेलिनोने तो मोडीत विकला आणि त्याच पैशांत भर घालून नवा घेतला. कुणी सांगितलं ते आता आठवत नव्हतं, पण नऊ वर्षं ते तिच्या मनात रुतून बसलं होतं. ट्रक विकलेला नव्हता. अंगणाच्या टोकाला दगडांवर चढवून ठेवला होता. चाकं नव्हती. निळा रंग पोपडे धरून गळत होता आणि डाव्या अंगाचा टप तसाच आत चेपलेला होता. मागच्या हौद्यात कोंबड्या बसल्या होत्या. जिथे पोती रचतात, आणि पोत्यांवर पोरं बसतात, तिथे एक पांढरी कोंबडी अंड्यावर डोळे मिटून होती.

बेनिग्ना त्या जागेकडे बघत राहिली. तिच्या पोटात आदल्या दिवसापासून काही नव्हतं. रात्री जेवण गेलं नव्हतं, सकाळी चहा नको वाटला होता. पाव मांडीवर होता, फडक्याची गाठ सुटलेली. तिच्या हाताने त्याचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. पहिल्या घासाला तिला काही कळलं नाही. दुसऱ्याला आपण काय करतो आहोत ते कळलं, आणि तरीही तिने तिसरा घेतला. रडू येत होतं आणि भूकही लागली होती, आणि त्यातलं एकच आवरण्याइतकी ताकद तिच्यात होती. ती खात राहिली.

एर्मेलिंदा उकडलेले बटाटे घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

“मावशी. तो पाव.”

“हो.”

“मी काही पाहिलं नाही.” एर्मेलिंदाने फाटकाकडे नजर टाकली. “आणखी कुणीही पाहिलं नाही. माझ्याकडे घरात दुसरा आहे, आपण तो ठेवू गाठोड्यात.”

“पाहिलंस की. मीही पाहिलं.”

पाहिलं कासियानोनेही. तो कुत्र्याला विसरून आत धावला.

“बाई, काय केलंत हे? छत तुमच्या अंगावर आलं. अहो, तुमच्या स्वतःच्या दुकानाचं छत गळतंय, खाली तुम्ही पातेली ठेवता.”

“मला कायदा माहीत आहे, कासियानो. अर्ध्या गावाला मीच भरवलाय.”

“मग कशाला खाल्लात?”

“भूक लागली,” बेनिग्ना म्हणाली. यापेक्षा खरं असं तिच्याकडे काही नव्हतं.

तेवढ्यात आबेलिनो आला. गुडघ्यांपर्यंत वाळू, हातात टोपी. अंगणात बेनिग्ना बसलेली पाहून त्याने सवयीने वळायला सुरुवात केली, पण घर त्याचंच होतं, जाणार कुठे. तो थांबला. बेनिग्नाने वर बघितलं. त्याचे केस पांढरेशुभ्र झाले होते. शेवटचं पाहिलं तेव्हा काळे होते, आणि मधलं पांढरं होणं सगळं तिच्या नजरेबाहेर झालं होतं. म्हाताऱ्या होत चाललेल्या या माणसाला तिने ओळखलं नसतं.

कासियानोने भराभर सगळं सांगून टाकलं. छत, भिंती भिजायची भीती, पाव, भूक. आबेलिनोने ऐकून घेतलं.

“छत मी देतो,” तो म्हणाला. “पत्रे, तुळया, चढवायची माणसं, सगळं. उद्याच सांगावा धाडतो. पण पाव नको आणि पाटीवर नावही नको.”

“असं कसं? पावाशिवाय दिलेलं कुणाच्या नावावर घालायचं?” कासियानो म्हणाला.

“घाला कुणाच्याही.” मग तो बेनिग्नाच्या पायांकडे बघत बोलला. “ताई, तुम्हाला नातं नको असेल. ते मला कळतं. मी खात नाही. तुम्ही निश्चिंत घरी जा.”

म्हणजे जे हवं होतं ते सगळं मिळालं. छत मिळालं, नातं टळलं, तिच्या अंगावर आलेलंही उतरलं. कासियानोने तर सुटकेने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. आता बेनिग्नाने उठायचं होतं, फडकं झटकायचं होतं आणि निघायचं होतं. तिने उठून पाहिलंही. पण उठताना तिच्या मनात आलं, की आज आपण इथून गेलो की हा पुन्हा सुटला. पत्रे देऊन सुटला. आणि उद्यापासून आपल्याला पुन्हा पाण्याची वेळ बघायची, बाजाराची बाजू बघायची. तिला एकाएकी त्या सगळ्या कष्टांचा कंटाळा आला. ती परत बसली.

“हा विकला नाहीस?” तिने ट्रककडे हात केला.

“नाही.”

“का?”

“गिऱ्हाइकं आली होती. देववला नाही.”

“मग कोंबड्यांना दिलास.”

“त्या आपल्या आपण चढल्या,” आबेलिनो म्हणाला. “मी त्यांना हाकलत नाही.”

बेनिग्नाने मांडीवरचा उरलेला अर्धा पाव उचलला आणि त्याच्यापुढे धरला. “मी माझा खाल्लाय. हा तुझा. खायचा तर खा, नाहीतर कोंबड्यांना टाक. पण पत्रे असे नुसते मी घेणार नाही.”

आबेलिनोने बायकोकडे पाहिलं. एर्मेलिंदा बटाट्यांची थाळी धरून तशीच उभी होती. त्याने पाव घेतला आणि उभ्या-उभ्या खायला लागला. पाव कोरडा होता. एकेक घास तो कष्टाने उतरवत होता. कुणी त्याला पाणी दिलं नाही, कारण मधे थांबलं तर खाल्लेलं धरतात की नाही याची कासियानोलाही खात्री नव्हती. अर्धा पाव संपायला वेळ लागला. सगळ्यांनी वाट पाहिली.

मग कासियानोने बाटली उघडली. एका छताचे दोन जण म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी एकाच फितीची दोन टोकं दोघांनी धरायची, फादर पाणी शिंपडेपर्यंत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, असं काहीबाही तो सांगत होता. बेनिग्नाने ग्लास घेतला, रीतीप्रमाणे चार थेंब मातीला दिले, अर्धा प्यायली आणि पुढे केला.

“घ्या, कोम्पाद्रे.”

शब्द खरखरीत निघाला. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. विल्बर होता तिथेच होता, मातीखाली, आणि हा माणूस इथे तिच्यासमोर दारू पीत होता. ते तिला अजूनही सहन होत नव्हतं. पण नातं झालं ते झालं, आणि नात्याचे काही हक्क असतात. ते ती सोडणार नव्हती.

“नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी मी विल्बरचं ताट मांडते,” ती म्हणाली. “यायचं. कोम्पाद्रेला यावंच लागतं.”

“येईन.”

“रिकाम्या हाताने नाही यायचं. त्याच्या आवडीचं आणायचं.”

“भाजलेला मका आणीन,” आबेलिनो म्हणाला.

बेनिग्नाने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलं मक्याचं?”

“कुणी नाही. त्या दिवशी खात होता ना.” आबेलिनो टोपी हातात फिरवत होता. “खिसा भरून आणला होता. वरून माझ्या टपावर एकेक दाणा मारायचा. म्हणायचा, काका, डुलकी लागली काय. मग पोत्यांवरून लवून खिडकीतून हात घालायचा आणि मूठभर मला द्यायचा. खिंड येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.”

तो मका तिने स्वतः भाजला होता. पहाटे, पोरगा निघायच्या घाईत होता म्हणून अर्धवटच, आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या खिशात कोंबला होता. नंतर त्याचे कपडे तिच्याकडे आले तेव्हा खिसा रिकामा होता. मका वाटेत सांडला, की कुणी काढून घेतला, की पोराच्या तोंडात एक दाणा तरी गेला, हे नऊ वर्षं ती कुणाला विचारू शकली नव्हती. विचारायला माणूस एकच होता, आणि त्याला ती बघत नव्हती.

कासियानोने घसा साफ केला. “आता ते पत्र्यांचं माप...”

“नंतर,” एर्मेलिंदा म्हणाली आणि त्याला दंडाला धरून फाटकाकडे घेऊन गेली.

बेनिग्ना बाकावर सरकली आणि घोंगडीवर शेजारी जागा केली.

“बसा,” ती म्हणाली. “मका सगळा खाल्ला का त्याने?”

“सगळा,” आबेलिनो म्हणाला, आणि बसला.